खातेधारक चहा पीत होते

१

दादा गेल्याची बातमी आली तेव्हा दादा चहा पीत होता. चहात साखर कमी आहे अशी त्याची तक्रार होती आणि ती तो नेहमीप्रमाणे कपाकडे बघून करत होता, वहिनीकडे बघून नव्हे. तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. तिने मेसेज वाचला, पुन्हा वाचला आणि फोन माझ्या हातात दिला.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. जिवंत माणसं कागदावर मेलेली पाहायची मला सवय आहे. पण त्यातलं कोणी माझ्यासमोर बसून चहात बिस्किट बुडवत नसतं.

मेसेज मुलांच्या अस्थिरुग्णालयातल्या डॉक्टरबाईंचा होता. 'आपल्या दुकानाच्या पानावर दुःखद बातमी वाचली. एवढ्या वयातही त्यांनी आमच्या मुलांसाठी जे केलं ते आम्ही विसरणार नाही. रुग्णालयातल्या सगळ्या मुलांचे बूट त्यांच्याकडेच करून घ्यायचं शुक्रवारच्या बैठकीत नक्की होणार होतं. आता नाइलाजाने दुसरी व्यवस्था पाहावी लागेल. आपल्या दुःखात सहभागी आहोत.'

"कोण गेलं?" दादाने विचारलं.

"तू," मी म्हटलं.

त्याने बिस्किट आधी खाल्लं. भिजलेलं बिस्किट थांबत नाही. मग म्हणाला, "कधी?"

पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या माणसाला 'एवढ्या वयातही' म्हणणं डॉक्टरबाईंना शोभलं नाही असं माझं मत झालं, पण प्रसंग पाहून मी ते बोललो नाही. दादाने आपल्या फोनवर दुकानाचं खातं उघडायला घेतलं. ते उघडलं नाही. पडद्यावर एक करडी पट्टी आली आणि त्यावर एक अत्यंत सभ्य वाक्य: खातेधारकाच्या निधनाची नोंद झाल्याने हे खाते त्यांच्या स्मरणार्थ जतन करण्यात येत आहे. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

"सगळे नुसते सहभागी होताहेत," दादा म्हणाला. "खातं कोणी उघडत नाही."

"डॉक्टरबाईंना वहिनींच्या फोनवरून लिही ना, मी जिवंत आहे म्हणून."

दादाने फोन घेतला. 'मी' असं लिहिलं. पुसलं. पुन्हा 'मी' लिहिलं आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत बसला, जणू ते अक्षर एखाद्या गिऱ्हाइकाचा पाय असावं. मग तेही पुसलं.

"आधी खातं सुरू होऊ दे," तो म्हणाला. "तिथूनच लिहीन."

"जिवंत आहे हे सांगायला खातं कशाला लागतं?"

तो उठून कारखान्यात गेला. कारखाना म्हणजे दुकानामागची खोली. वहिनी त्याच्या पाठीकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "ते परत येईल ना? खातं?"

मी म्हटलं, "आधी हे कोणी केलं ते शोधू." आणि ताईला फोन लावून सकाळचं सगळं शब्दन् शब्द सांगितलं.

२

दोन्ही पाय सारखे असलेल्या माणसाला आमच्या दुकानात काम नसतं. एक पाय आखूड, एक तळवा सपाट, टाच आत वळलेली, अपघातात दोन बोटं गेलेली, असं काही असेल तर या, बसा. नसेल तर समोर रेडिमेडवाला आहे. एखाद्याच्या चालण्यातला दोष बुटाच्या आत असा लपवायचा की रस्त्याला कळू नये, हा आमच्या घराण्याचा धंदा. याचा आम्हाला जरा जास्तच अभिमान आहे आणि तो कमी करण्याचा आमचा विचार नाही.

पूर्वी गिऱ्हाईक गल्लीतलं असायचं. आता ते समुद्रापलीकडेही असतं. ते अनवाणी चालतानाचा व्हिडिओ पाठवतं, आधी समोरून, मग पाठमोरं. दादा आवाज बंद करून तो पाहतो. परत पाहतो. मग उत्तर म्हणून आपल्या हातांचा व्हिडिओ पाठवतो. कॉर्कचा तुकडा कुठे बसेल, टाच कुठून तासली जाईल, हे बोटांनी दाखवायचं आणि खाली दोन ओळी लिहायच्या, एवढंच. तोंड दाखवत नाही, आवाज ऐकवत नाही. जी गोष्ट माणसं बायकोला सांगत नाहीत ती त्या दोन हातांना सांगतात.

दुकान आप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं. पाटीवर, खोक्यावर, बुटाच्या आतल्या शिक्क्यावर आजही त्यांचंच नाव आहे. ते काढायचा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही, जसा घराचं छप्पर काढायचा येत नाही. इंटरनेटवर दुकान मांडलं दादाने. लोकांची सगळी चालणी, सगळी बोलणी, सगळं कौतुक त्या खात्यात. ते गेलं तर मागे राहते ती चामड्याचा छान वास येणारी एक खोली.

ताई दुपारी आली. ती इंटरनेट जोडण्या देणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभागाची प्रमुख आहे. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून शेवटी "आणखी काही मदत करू शकते का?" असं गोड विचारायचा तिला पगार मिळतो. यातून तिचे माणसांबद्दल काही सिद्धांत तयार झाले आहेत आणि घरात ते कोणी खोडून काढलेले नाहीत, कारण कोणाची छाती झालेली नाही.

"तक्रार ज्या वाक्याने सुरू होते ते वाक्य कधीच खरी तक्रार नसतं," हा पहिला. तिने दादाला समोर बसवलं. "तुझी तक्रार काय?"

"खातं बंद आहे."

"ती नव्हे. खरी."

दादा नखाने टेबलावरचा डिंक खरवडू लागला. ताईने त्याला तसंच सोडलं आणि माझ्याकडे वळली.

"हे बघ, असं खातं कोणी गंमत म्हणून मारू शकत नाही. मृत्यूचा पुरावा द्यावा लागतो आणि तो तपासला जातो. आमच्याकडेही तेच. नवरा धडधाकट असताना त्याच्या नावावरची जोडणी बंद करा म्हणणाऱ्या बायका आम्हाला रोज भेटतात. आम्ही परत पाठवतो."

"म्हणजे कोणीतरी खोटा पुरावा दिला."

"तपासणाऱ्यांना फसवेल इतका चांगला खोटा," ताई म्हणाली. "किंवा..."

"किंवा काय?"

"चहा टाक," ती म्हणाली. "साखर नीट घाल."

३

पहिला संशयित स्वतःच चालत आला, हातात फुलं घेऊन.

समोरच्या रेडिमेडवाल्याला आम्ही 'दोनावर एक' म्हणतो, कारण त्याच्या काचेवर बाराही महिने तशी पाटी असते. दोन जोड्यांवर एक जोड फुकट की दोन बुटांवर एक बूट, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. तो गंभीर चेहरा करून दुकानात शिरला आणि आतून कात्री घेऊन आलेला दादा त्याला आडवा गेला. दोघेही थबकले.

"तुमच्याचसाठी आणली होती," दोनावर एक म्हणाला आणि फुलं दादाच्या हातात दिली.

"आभारी आहे," दादा म्हणाला.

ताईने खुर्ची पुढे सरकवली. "बसा. रुग्णालयाचं काम शुक्रवारी आमच्याकडे येणार होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"गल्लीला ठाऊक होतं. वहिनी दहा दिवस जमिनीवरून चालत नव्हत्या."

"आता ते तुमच्याकडे येईल."

"येऊ नये म्हणूनच मी फुलं आणली," तो म्हणाला. त्याने रुमालाने मान पुसली. "अहो ताई, माझ्याकडचा बूट कारखान्यातून येतो. पाय बुटासारखा असेल तर बसतो. वेडावाकडा पाय आला की मी काय करतो? या दाराकडे बोट दाखवतो. तुमचं दुकान बंद झालं तर ते सगळे पाय माझ्याकडे बसतील, त्यांना काही बसणार नाही, आणि इंटरनेटवर माझ्या नावाने शंख करतील. तुमचा दादा जगला पाहिजे. मी तर म्हणतो, शंभर वर्षं."

तो गेल्यावर मी म्हटलं, "पटतंय."

"पटणारच," ताई म्हणाली. "स्वार्थ बोलत असला की माणूस अडखळत नाही. आणि दादाचा पुरावा याच्याकडे कुठून यायचा? याच्याकडे स्वतःच्या बुटांचा पुरावा नाही. दुसरं गिऱ्हाईक बोलाव."

"कोण?"

"ज्याच्याकडे खात्याचा पासवर्ड आहे तो."

तो जावई होता.

४

दादाचा जावई हुशार आहे. हे आम्हाला लग्नाच्या आधीच सांगण्यात आलं होतं आणि नंतर त्यानेही बऱ्याचदा सांगितलं. तो कंपन्यांना त्यांची दुकानं इंटरनेटवर कशी वाढवायची ते शिकवतो. सासऱ्याचं दुकान मात्र त्याला वाढवू दिलं जात नाही, हे त्याचं शल्य.

"जावईबापू, पासवर्ड तुमच्याकडे आहे," ताईने सुरुवात केली.

"मामंजींनीच दिला होता. विसरतात ते." त्याने लॅपटॉप उघडला. त्याला लॅपटॉप उघडल्याशिवाय निरपराध वाटत नाही. "तुम्हाला माझा संशय येतोय, आत्या?"

"मला सगळ्यांचाच येतो. तुम्हाला नवं ॲप काढायचं होतं. जुनं खातं गेलं तर मामंजींना नवं घ्यावंच लागेल."

"ॲप काढायचं होतंच. आजही आहे. पण जुनी गिऱ्हाइकं घेऊन काढायचं होतं, ती पुरून नव्हे."

ताईने मान हलवली. "ते मला मान्य आहे. ज्याच्या खिशात किल्ली आहे तो खिडकी कशाला फोडेल? तुम्हाला खातं मारायचं असतं तर आतून दोन बटणं दाबली असतीत. हे बाहेरून कोणीतरी केलंय. पासवर्ड नसलेल्या माणसाने."

जावई जरा सैलावला आणि बोलू लागला. सैलावलेला जावई आवरणं कठीण.

"मी मामंजींना किती वेळा म्हटलं, लोकांना चेहरा लागतो. कॅमेऱ्यासमोर या. बोला. इतकं नाव झालंय आणि बाजारात कोणी ओळखत नाही. ते म्हणाले, हात दिसतात ते पुरे. एकदा मी फारच लावून धरलं तर सासूबाई म्हणाल्या, जाऊ द्या जावईबापू, ते तुमच्याने व्हायचं नाही, त्याला दुसरं काहीतरी करावं लागेल."

"असं म्हणाल्या?"

"हो. आणि शिरा वाढून विषय बाजूला सारला."

ताईने खिडकीबाहेर पाहिलं. मग मला म्हणाली, "तो एकतारे कुठे राहतो?"

मी दचकलो. एकतारे हा आमच्या दुकानाचा ज्ञात असा एकमेव शत्रू होता.

५

खात्यावरच्या शेकडो शेऱ्यांमध्ये पाचाला पाच तारे. फक्त एका माणसाने एक तारा दिलेला, खाली एक शब्दही न लिहिता. दादाने त्या एका ताऱ्यापायी जेवण सोडलं होतं. वर्ष झालं, पण घरात कोणी आभाळाकडे बघून 'तारा' म्हटलं तरी तो पान सोडून उठायचा. त्या गृहस्थाचं खरं नाव काहीही असो, आमच्यात तो एकतारेच.

ते निवृत्त न्यायाधीश निघाले. दार त्यांनीच उघडलं. पायात आमचे बूट होते. खुर्चीपर्यंत ते असे चालत गेले की कोणता पाय आखूड आहे हे मला, या घरात जन्मलेल्याला, ओळखता आलं नाही.

"आपण आम्हाला एक तारा दिलात," ताई म्हणाली.

"दिला," न्यायाधीश अभिमानाने म्हणाले. "आणि आयुष्यात मी दुसऱ्या कोणाला दिला नाही. बाकीचे लोक चौथा नंबर काय, पाचवा नंबर काय, खिरापत वाटावी तसे वाटत होते. मी म्हटलं, नाही. पहिला नंबर म्हणजे पहिला नंबर."

दादाने सोडलेली सगळी जेवणं माझ्या डोळ्यांपुढून गेली.

"फार वाईट झालं," न्यायाधीश पुढे म्हणाले. "मागच्या महिन्यात आभार मानायला मुद्दाम दुकानात गेलो होतो, पण साहेबांची भेट झाली नाही. तिथे एक कामगार टाच घासत बसला होता. मी म्हटलं, अरे, जरा मोठ्या साहेबांना बोलाव. तो नुसता हसला, म्हणाला, साहेब नाहीत. मी म्हटलं, मग त्यांना सांग, असे हात पुन्हा होणे नाही, तू त्यांच्या हाताखाली आहेस हे तुझं भाग्य. तर म्हणाला, सांगतो."

"तिथे आणखी कोणी होतं?" ताईचा आवाज एकदम मऊ झाला. तक्रार सुटायला आली की तो तसा होतो.

"एक बाई खोकी बांधत होत्या. त्यांच्या हातातली दोरी तुटली. म्हणजे त्यांनी इतकी ओढली की तुटली."

"साहेबांना आपण ओळखता कसे?"

"हे काय." त्यांनी फोनवर आमच्या दुकानाचं पान काढलं. बाहेरच्यांना ते अजून दिसत होतं, फक्त वर 'स्मरणार्थ' लिहिलेलं. त्याखालच्या फोटोवर न्यायाधीशांनी बोट ठेवलं. "ह्या मिशा. हेच ते, ज्यांनी मला चालवलं."

ताईने पाहिलं. मग फोन माझ्यापुढे धरला.

"अरे, पण हे तर..." मी सुरुवात केली. दादाला आयुष्यात मिशा नव्हत्या.

"गप्प बस," ताई म्हणाली आणि न्यायाधीशांकडे वळली. "आपण उद्या दुकानात येऊ शकाल? आणखी एक तारा लागणार आहे."

६

दुसऱ्या दिवशी दुकानात सगळे जमले. जावई लॅपटॉपसह, दोनावर एक फुलांशिवाय, न्यायाधीश एकमेव चांगल्या खुर्चीत. दादा कामाच्या ठोकळ्यावर बसला होता. वहिनी खोकी बांधत होती.

"मला आधी एक सांगायचंय," ताई म्हणाली. "या प्रकरणात कोणीही खोटं बोललेलं नाही. पुरावा खरा होता म्हणूनच तो मान्य झाला. जिवंत माणसाच्या मरणाचा खरा पुरावा मिळत नाही. म्हणजे ज्याच्या नावाचा दिला तो माणूस खरोखरच गेलेला असला पाहिजे."

"पण मामंजी तर इथे आहेत," जावई म्हणाला.

"खातं तुमच्या मामंजींचं नव्हतंच. ते आप्पांच्या नावाचं होतं. फोटो आप्पांचा, नाव आप्पांचं. आम्ही घरातले ते रोज बघत होतो, म्हणून कोणालाच दिसलं नाही. डॉक्टरबाईंनी 'एवढ्या वयातही' लिहिलं ते उगाच नव्हे. त्यांच्या हिशेबाने बूट करणारा माणूस ऐंशीच्या पुढे होता. खातेधारक गेले हे खातं चालवणाऱ्या कंपनीने आत्ता जाहीर केलं. आप्पांना जाऊन किती वर्षं झाली, दादा?"

"अकरा," दादा म्हणाला.

न्यायाधीशांनी बुटांकडे पाहिलं. मग ठोकळ्यावरच्या 'कामगारा'कडे. मग पुन्हा बुटांकडे. निकाल फिरवावा लागलेल्या माणसाचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"आणि म्हणून," ताई दादाला म्हणाली, "तुला 'मी जिवंत आहे' एवढंही लिहिता येईना."

"काय लिहू?" दादा म्हणाला. "की इतकी वर्षं तुम्ही ज्यांच्याशी बोलत होता ते आधीच गेलेले होते? खातं उघडलं तेव्हा आप्पा होते. ते सांगायचे, मी लिहायचो. मग ते गेले. दुसऱ्याच दिवशी एका बाईंचा निरोप आला, साहेब, माझा मुलगा जिना चढला. आता त्या माउलीला काय सांगायचं, साहेब काल वारले म्हणून? मी लिहिलं, छान झालं. मग ते तसंच चालत राहिलं." त्याने हात पुसले. "आप्पांच्या नावावर विसंबून लोक पाऊल टाकतात. माझ्या नावावर कोण टाकणार?"

मग दोनावर एकने विचारलं, "पण कळवलं कोणी?"

"माझा दुसरा सिद्धांत," ताई म्हणाली. "बिघाड झाला की ज्याने काही केलेलं नसतं तो हेच विचारतो, कोणी केलं? ज्याचा हात लागलेला असतो तो विचारतो, परत सुरू होईल ना? काल सकाळी या घरात एकाच माणसाने तसं विचारलं."

दोरीचा करकर आवाज थांबला.

"मी केलं," वहिनी म्हणाली.

ती उठली नाही. खोक्यावरचा हातही काढला नाही.

"आप्पांचा मृत्यूचा दाखला माझ्याच कपाटात असतो. चोरी केली नाही, खोटं लिहिलं नाही. कंपनीच्या लोकांनी विचारलं, हे गृहस्थ हयात आहेत का? मी म्हटलं, नाहीत. खरं तेच सांगितलं." तिने न्यायाधीशांकडे पाहिलं. "तुम्ही त्या दिवशी यांना म्हणालात, तुझं भाग्य. यांनी 'सांगतो' म्हटलं. वर हसले. मी इतकी वर्षं यांचे हात बघते आहे. एका टाचेसाठी जेवायचे थांबतात. आणि साऱ्या जगाचं शाबास कुणाला, तर भिंतीवरच्या फोटोला. आप्पांबद्दल मला आदर आहे, पण आप्पांना आता बूट येत नाहीत."

"पण वहिनी, सगळं खातंच गेलं," मी म्हटलं.

"ते जाईल हे कुठे ठाऊक होतं? माझ्या वडिलांच्या कचेरीत माणूस गेला की जागा रिकामी व्हायची आणि पुढचा त्या खुर्चीवर बसायचा. मला वाटलं, आप्पांचं नाव निघेल आणि ते लोक विचारतील, आता कोण? मग मी यांचं नाव सांगणार होते. लिहून ठेवलं होतं मी फोनमध्ये, व्यवस्थित. त्यांनी विचारलंच नाही. कुलूप लावलं आणि दुःखात सहभागी झाले."

जावयाने लॅपटॉप मिटला. त्याच्या आयुष्यात ही विरळा घटना.

"मला विचारायचं तरी," दादा म्हणाला.

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, राहू दे."

दादाने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "म्हणालो असतो," तो म्हणाला.

ताईने तिथल्या तिथे कामाचं बोलून टाकलं. जतन झालेलं खातं पुसलं जात नाही. वारसाने मागणी केली की आतली चालणी आणि निरोप मिळवता येतात, वेळ लागेल पण मिळतील. "पण त्या नावाने ते पुन्हा चालू होणार नाही. आणि शुक्रवार उद्या आहे. डॉक्टरबाईंना कोणीतरी तोंड दाखवावं लागेल, दादा. आप्पांना मी सांगू शकत नाही."

७

शुक्रवारी वहिनीचा फोन पायाच्या आकाराच्या एका लाकडी साच्याला टेकवून उभा केला. आम्ही सगळे कॅमेऱ्याच्या मागे. दोनावर एकने आपलं दुकान चक्क बंद ठेवलं होतं. पाटी मात्र तशीच.

डॉक्टरबाई पडद्यावर आल्या. शेजारी रुग्णालयाचे आणखी दोघं. दादाने सवयीने आधी फोन खाली वळवला, आणि त्यांना दिसले ते दोन हात: डाव्या अंगठ्यावरचा जुना कापल्याचा व्रण, कडेला काळी पडलेली नखं, आणि मधे एक छोटा बूट.

तिकडे कोणीतरी खुर्ची ओढली.

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे हात मी ओळखते."

"हो," दादा म्हणाला.

"पण ते तर गेले ना?"

"गेले ते माझे वडील."

"केव्हा?"

"झाली बरीच वर्षं. आमच्याकडून कळवायला जरा उशीर झाला."

मी डोळे मिटून घेतले. विमा कंपनीत अशा वाक्यावर दावा फेटाळला जातो.

"म्हणजे कालव्यापलीकडची ती मुलगी," डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या, "तिला काठी सोडू द्या, ती पळेल, असं मला कोणी लिहिलं होतं? आमच्या सगळ्यांच्या मताविरुद्ध?"

"मीच."

"आणि तुम्ही ते वडिलांच्या नावाने लिहिलंत."

"हो. चुकलंच ते."

"ती पळते," त्या म्हणाल्या. "थांबत नाही, हीच आता तिच्या आईची तक्रार आहे." शेजारच्या दोघांकडे त्यांनी एकदा पाहिलं. "वडील गेल्याचं दुःख आहेच, माझा निरोप मी परत घेत नाही. पण माझी मुलं मी मिशांवर विसंबून पाठवत नव्हते. जरा फोन वर करा. मला माणूस बघायचाय."

दादा जागचा हलला नाही. फोन वहिनीने वर केला. त्याच्या गालाला चिकटलेला कॉर्कचा कण तिने पदराने टिपला, आणि तेही तिकडे दिसलं.

"नाव काय आपलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

दादाने वहिनीकडे पाहिलं. मग सरळ कॅमेऱ्यात बघून नाव सांगितलं, आधी स्वतःचं आणि मग आप्पांचं, मुलाने सांगावं त्या क्रमाने. इतक्या मोठ्याने सांगितलं की न्यायाधीश खुर्चीतून उभे राहिले.

रुग्णालयाचं काम आमच्याकडे आलं. पाटीवर आप्पांचं नाव आहे तसंच आहे, खाली दुसरी ओळ रंगवली एवढंच. रंग वहिनीने निवडला. तो वरच्या ओळीपेक्षा जरा गडद आहे, आणि यावर घरात चर्चा होत नाही.

नवं खातं जावयाने उघडून दिलं. फोटो दादाचा, तोंडासकट. पहिले काही तास त्यावर काहीच नव्हतं. मग फोन वाजला आणि दादा धावत कारखान्यातून बाहेर आला. पहिला शेरा पडला होता.

एक तारा. खाली एक शब्दही नाही.

दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग आम्हा सगळ्यांना पडदा दाखवत फिरला, समोरच्या दोनावर एकलासुद्धा जाऊन दाखवून आला, आणि त्या दुपारी तो दोनदा जेवला.